वाचून सोडून दिलेलं रजिस्टर

लिनक्स कर्नल नेहमीसारखा बिल्ड केला तर स्क्रीन बऱ्यापैकी स्वच्छ राहते. मेकच्या कमांडला 'डब्ल्यू=१' जोडलं की जुन्या ड्रायव्हरांमधून वॉर्निंग्जची रांग लागते. फावल्या वेळात मी त्यातल्या एकेका वॉर्निंगवर पॅच लिहितो.

सर्वांत जास्त भेटते ती 'व्हेरिएबलला व्हॅल्यू दिली, पण वापरली नाही' ही वॉर्निंग. एका जुन्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये रीडएलने रजिस्टर वाचून व्हॅल्यू ठेवली होती. पुढे तिला कुणी हात लावला नव्हता. अख्खी ओळ उडवली की वॉर्निंग गेली. पण वरच्या ओळीत राइटएलने चिपला रीसेट दिला होता आणि खालच्या ओळीत ठरावीक वेळ थांबवणारं यूडिले होतं. पीसीआयवर असं लिहिणं 'पोस्टेड' असतं: प्रोसेसर लिहून मोकळा होतो, डेटा मात्र मधल्या ब्रिजच्या बफरमध्ये अडकून राहू शकतो. त्याच डिव्हाइसकडून काही वाचायला गेलं की आधी लिहिलेलं तिथे पोचल्याशिवाय उत्तर येत नाही. म्हणजे ते वाचन रीसेट चिपपर्यंत पोचावा म्हणूनच होतं. ते काढलं असतं, तर रीसेट वाटेत असतानाच यूडिलेची मोजणी सुरू झाली असती. मी फक्त व्हेरिएबल काढलं, रीडएल तसंच ठेवलं आणि कारण सांगणारी कॉमेंट लिहिली. काही चिपांचं इंटरप्ट स्टेटसचं रजिस्टर तर वाचल्यानेच साफ होतं. कंपायलरला सी कळतं. चिप कशी वागते ते डेटाशीटमध्येच शोधावं लागतं.

याच वॉर्निंगची दुसरी तऱ्हा मला जास्त धोक्याची वाटते. क्लॉक चालू करणाऱ्या फंक्शनचा एरर कोड 'रेट' या व्हेरिएबलमध्ये घेतलेला आणि शेवटी बिनदिक्कत शून्य परत केलेलं. इथे 'रेट' पुसून टाकणं म्हणजे तक्रारदाराचं तोंड बंद करणं. एरर वर पोचवायला हवा, आणि तोवर घेतलेली मेमरी, इंटरप्ट उलट क्रमाने सोडायला हवेत. एका ओळीच्या वॉर्निंगसाठी डिव्हाइस सुरू करणारं पूर्ण प्रोब फंक्शन वाचावं लागतं, आणि ते वाचायलाच हवं.

२०२१ साली ५.१५ आवृत्तीत वॉर्निंगला थेट एरर मानण्याचा पर्याय आला. तो मला पटतो. वॉर्निंग्जचा नुसता आकडा घटवायला धाडलेले पॅच मात्र पटत नाहीत. कार्ड हाताशी नसेल तेव्हा 'फक्त कंपाइल करून पाहिलं आहे' असं मी पॅचसोबत स्पष्ट लिहितो, म्हणजे ज्याच्याकडे ते कार्ड आहे तो मर्ज होण्याआधी चालवून बघू शकतो.