न आलेली दुर्री

पंजी आणि चौकी आपल्या हातात, टेबलावर एक्का आणि तिर्री उघडी, आणि मधली दुर्री तेवढी गैरहजर. पोकर खेळणारे या अवस्थेला गटशॉट म्हणतात. रांग पुरी व्हायला एकच पत्ता हवा, तोही नेमका मधला, आणि अख्ख्या कॅटमध्ये तो चारच ठिकाणी. टेबलावरच्या सामाईक पाचांपैकी पहिले तीन पत्ते उघडले की न दिसलेले ४७ उरतात. त्यांत कुठेतरी चार दुर्ऱ्या. पुढचे दोन्ही पत्ते पाहायला मिळाले तरी सहापैकी पाच वेळा त्या येत नाहीत. जाणकार माणूस अशा हाताला हात म्हणत नाही. आणि तरीही कधीतरी, समोरच्याच्या खांद्यांचा उतार बघून, मधे साचलेल्या पॉटचा अंदाज घेऊन, आपल्याच श्वासाची लय ऐकत ऐकत, आपण चिप्सची एक चळत उचलतो आणि शांतपणे पुढे सरकवतो, जशी काही रांग कधीचीच पुरी झाली आहे.

माझा जीव त्या सरकवण्यात अडकला आहे.

निव्वळ थाप वेगळी. लहानपणी मे महिन्याच्या दुपारी, फरशीवर पालथं पडून आम्ही चॅलेंज खेळायचो. पत्ते उपडे टाकत "तीन राजे" म्हणायचं, आणि ते राजे एक तर असायचे किंवा नसायचे. खरं आणि खोटं यांच्यामध्ये तिथे जागाच नव्हती. गटशॉटवरची थाप त्या मधल्या जागेत राहते. या क्षणी ती खोटी आहे, पुढच्या पत्त्याला खरी ठरू शकते. डेव्हिड स्क्लान्स्कीने तिला सेमी-ब्लफ हे नाव दिलं, आणि १९८७ साली निघालेल्या 'द थिअरी ऑफ पोकर'मध्ये तिचा हिशेब मांडला: समोरचा पत्ते टाकून देईल तरी आपण जिंकू, नाही टाकले तर आपला पत्ता येऊ शकेल. जिंकायला वाटा दोन. पुस्तकात हे स्वच्छ, कोरडं वाचायला मिळतं. अंगात मात्र ते निराळं उमटतं. माझी आजी कनवटीला एक रुपया लावून बाजारात जायची. तो मोडायचा नसे. पण तो होता म्हणून ती पाटीवालीसमोर ऐसपैस बसकण मारायची, पडवळापासून हापूसपर्यंत साऱ्याचा भाव करायची, अख्खी पाटी उचलून नेणार असल्यासारखी. आवाजात कंप नाही, नजरेत संकोच नाही. एका रुपयात पाटी येत नव्हती हे तिलाही ठाऊक होतं. पण रिकाम्या कनवटीने ती तशी बसली नसती.

चार दुर्ऱ्या म्हणजे तो रुपया.

पणजीत संध्याकाळ उतरते ती मांडवीवर. पलीकडच्या रेईश मागूशच्या किल्ल्याची कड आधी तांबूस होते, मग राखी, मग आभाळात विरघळून जाते. आणि अलीकडे नांगरलेली कॅसिनोची जहाजं एकेक करून उजळत जातात, जांभळी, लाल, सोनेरी, आणि नदी तो सगळा उजेड अंगावर घेऊन त्याच्या थरथरत्या लांब रेघा धक्क्यापर्यंत आणून सोडते. छोट्या बोटीतून जहाजावर गेलं की आधी रुलेटचा गलका, गाण्यांचा दणका, अत्तराचे आणि तळणाचे मिसळलेले वास. पोकरच्या टेबलाशी मात्र वेगळीच हवा. थंडगार एसी, टेबलावर ताणून बसवलेलं मऊ कापड, आणि अखंड चाललेला तो एक आवाज: प्रत्येक जण एका हाताने चिप्सच्या दोन चळती एकमेकींत मिसळत असतो, पुन्हा वेगळ्या करत असतो. पावसाळ्यात पागोळ्या ऐकत बसावं तशी मी तो आवाज ऐकत बसते. शुक्रवारी रात्री इथे पुणे, कोल्हापूर, बेळगाव सगळंच येऊन बसलेलं असतं. तासाला पंचवीस-तीस डाव होतात, त्यांतले बहुतेक आपण पहिल्या दोन पत्त्यांवरच टाकून दिलेले. उरलेला वेळ माणसं वाचायची.

आणि माणसं वाचल्यावाचून हा खेळ नाही. दुबळ्या हातावरची थाप सगळ्यांसाठी नसते. ज्याने ठरवूनच टाकलंय की आज आलोय तर शेवटचा पत्ता बघूनच उठायचं, त्याच्यापुढे कितीही चिप्स सरकवा, तो दुर्रीच्या एका जोडीवरसुद्धा तेवढेच पैसे भरून तुम्हाला कॉल करेल, आणि त्याच्या त्या निर्मळ उत्सुकतेपुढे आपली सारी कलाकुसर वाया जाईल. त्याच्याशी खरं बोलावं. डावात चार-पाच जण उरले असतील तरीही गप्प राहावं, कारण गर्दीत कुणीतरी एक विश्वास ठेवत नाहीच. थाप ऐकायला असा माणूस लागतो ज्याच्याकडे काहीतरी आहे, ते गमवायचं त्याला भय आहे, आणि जो दुसऱ्याची गोष्ट मन लावून ऐकतो. एका अर्थी चांगला माणूस लागतो.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या गेम थिअरीवरच्या जाड ग्रंथात एक भाग पोकरचा आहे. तिथल्या अगदी सोप्या केलेल्या पोकरच्या एका गणितातून निघालेलं उत्तर माझ्या मनातून जात नाही. ज्यांचे पत्ते उत्तम त्यांनी बोली लावावी. ज्यांचे पत्ते अगदीच वाईट, त्यांच्यातल्या काहींनीही तशीच बोली लावावी. मधल्यांनी गप्प राहावं. बरी जोडी, मध्यम एक्का, थोडंबहुत मोल असलेला हात, यांनी आवाज न करता शेवटपर्यंत जायचं, कारण त्यांच्याकडे राखण्यासारखं काहीतरी आहे. ज्याच्याकडे राखायला काहीच नाही, त्यालाच मोठ्याने बोलण्याची मुभा. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या घरात तीन पिढ्या मधल्या पत्त्यांच्या. बऱ्यापैकी पगार, बऱ्यापैकी घर, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

अशाच एका शुक्रवारी माझ्या हातातली पंजी-चौकी बदामची होती. टेबल शंभर-दोनशेचं, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच दोघांनी शंभर आणि दोनशे सक्तीने लावायचे, आणि डीलरचं बटण माझ्यापुढे, म्हणजे प्रत्येक वेळी शेवटी बोलायची सोय. मी सहाशे केले. त्या दोनशेच्या जागेवर, बिग ब्लाइंडवर, कोल्हापूरचे गुळाचे एक व्यापारी बसले होते, साठी ओलांडलेले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले. तासाभरात आमचं काका-ताई झालं होतं. त्यांनी कॉल केला, बाकीचे गेले. इस्पिकचा एक्का, चौकटचा राजा, बदाम तिर्री. काकांनी दोन बोटांनी टेबलावर टकटक करून चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी माझ्याकडे दिली. मी पाचशे लावले, त्यांनी भरले. चौथा पत्ता किलवर राणी.

एक्का, राजा, राणी. एवढा मोठा दरबार भरलेला आणि माझ्या हातात दोन पोरं. काकांनी पुन्हा टकटक केली, या वेळी थोडी हळू. पॉटमध्ये तेवीसशे होते. मी सोळाशे मोजले. पाचांतून दोनदा त्यांनी पत्ते टाकले तर हिशेब जमतो. त्याहून थोडं कमी चाललं असतं, कारण कनवटीला दुर्री होती, पण आता ती अकरा-बारा वेळांत एकदाच येणारी. चिप्स सरकवताना मी मनगट टेबलाला टेकवून ठेवलं. माइक कॅरोने फार पूर्वी लिहून ठेवलंय की पैसे लावताना ज्याचा हात एकाएकी थरथरतो त्याच्याकडे बहुधा खरे पत्ते असतात; थाप मारणारा स्वतःला घट्ट आवळून धरतो. मग मी पॉटकडे बघत राहिले. जगातला सगळा वेळ त्या कापडावर येऊन थांबला. काकांनी आपले पत्ते कोपऱ्यापाशी उचलून पुन्हा पाहिले. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मला दिसत होता. आणि त्या वेळात मला कळलं की मी दोन गोष्टी एकदम मागते आहे, आणि त्या एकमेकींच्या आड येतात. काकांनी पत्ते टाकावेत असंही वाटत होतं. आणि पाचवा पत्ता यावा, तो दुर्री निघावा, माझं खोटं सगळ्यांसमोर खरं व्हावं, हेही तितकंच वाटत होतं.

त्यांनी पत्ते पालथेच पुढे ढकलले.

"रॅबिट दाखवा की," ते डीलरला म्हणाले. न खेळला गेलेला पुढचा पत्ता नुसता बघण्यापुरता उलटायला सांगतात, त्याला रॅबिट म्हणतात. डीलर मुलगी हसून म्हणाली, "इथे नाही चालत, सर." तिने उरलेली गड्डी टाकलेल्या पत्त्यांत मिसळली आणि पिसायला घेतली. चार दुर्ऱ्या, कुठे असतील तिथे, अठ्ठ्या-नव्व्यांत हरवून गेल्या.

पॉट माझ्याकडे आला. पण त्याहून मोठं काहीतरी माझ्या हातून निसटलं होतं, आणि ते काय हे मी तेव्हापासून शोधते आहे. दुबळ्या हाताची थाप यशस्वी होते ती नेमकी आशेला न तपासता. आजीचा रुपया खर्ची पडला नाही आणि पाटी मात्र घरी आली. २००३ साली लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अंतिम लढतीत ख्रिस मनीमेकर नावाच्या टेनेसीतल्या हिशेबनिसाने सॅमी फार्हासमोर जी थाप मारली, ती पोकर खेळणाऱ्या साऱ्या जगाला पाठ आहे. त्याच्या आशा तर मोठ्या होत्या: चौथ्या पत्त्याला रांगही येऊ शकत होती आणि इस्पिकचा रंगही. पाचव्या पत्त्याला दोन्ही हुकल्या. उघड उघड हुकल्या, आणि मग त्याने सगळं पुढे लोटलं. फार्हाने नव्व्यांची जोडी टाकून दिली. त्याच्या आशेचं काय झालं हे त्याला निदान कळलं. माझ्या दुर्रीचं मला कधीच कळणार नाही. अशा किती गोष्टी मी आयुष्यात वेळेआधी जिंकून बसले, समोरच्याने माघार घेतली म्हणून, आणि पुढचं पान उलटायचं राहूनच गेलं! जी नोकरी एका वाक्यात मिळाली. जो वाद समोरच्याने दुपारीच सोडून दिला. त्या प्रत्येक ठिकाणी मी खरी ठरले असते का, हे एखाद्या गड्डीत पालथं पडून आहे.

पहाटे परतीच्या बोटीत काका शेजारी येऊन बसले. गार वारा होता, त्यांनी रुमाल कानांवरून बांधला होता. म्हणाले, "एक्का होता माझ्याकडं, ताई. खाली सत्ती." मी म्हणाले, "काका, माझ्याकडे पंजी-चौकी होती. दुर्रीची वाट बघत होते."

त्यांनी मान हलवली. "उगं समजूत घालू नका. गुलाम-दश्शी होती तुमच्याकडं, लागलेली रांग. मला काय कळत नाही व्हय? चिप्स सरकवताना तुमचा हात बघितला मी, चांगला थरथरत होता." मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, शपथसुद्धा घेतली. त्यांनी हातानेच मला थांबवलं, खिशातून कार्ड काढून दिलं, आणि धक्का येईपर्यंत दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की कोल्हापूरला कधी यायचं, कुठे उतरायचं, काकवी कुणाकडची न्यायची, हे सगळं तपशीलवार सांगत राहिले.