बारा-अकरा : रग्बीतले एक जुने भांडण आणि त्यात न विचारला गेलेला प्रश्न

१.
२०२३ च्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना २८ ऑक्टोबरच्या रात्री पॅरिसजवळच्या स्टाड द फ्रान्स मैदानावर झाला, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. मी न्यूझीलंडच्या बाजूने, माझा मित्र दक्षिण आफ्रिकेच्या. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पूर्वार्धातच लाल कार्ड मिळून बाहेर गेला. तरीही सामन्यातला एकमेव ट्राय त्यांच्याच ब्यूडन बॅरेटने केला. दक्षिण आफ्रिकेचे सर्व गुण हान्द्रे पोलार्डच्या चार पेनल्टी किकमधून आले. निकाल १२-११. चषक दक्षिण आफ्रिकेचा.

"खेळलं कोण आणि जिंकलं कोण!" मी चिडून म्हणालो. मित्राने शांतपणे उत्तर दिले, "सकाळी लोक एकच विचारतील. कोण जिंकलं?" आमचे भांडण उजाडेपर्यंत चालले. त्या भांडणाचा माग काढता काढता मी जिथे पोहोचलो, ते सांगण्यासाठी ही मालिका.

२.
आधी मित्राची बाजू, कारण ती भक्कम आहे. त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेने उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला २९-२८, उपांत्य फेरीत इंग्लंडला १६-१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११ असे हरवले. तिन्ही वेळा एका गुणाने. १९९५, २००७, २०१९ आणि २०२३ असे चार विश्वचषक त्यांच्या नावावर आहेत, आणि या चारांपैकी तीन अंतिम सामन्यांत त्यांनी एकही ट्राय केलेला नाही. म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे, हे या खेळाचे जे मुख्य सुख, त्याच्यावाचून ते तीनदा जगज्जेते झाले. माझ्या मते हा खेळावरचा अन्याय होता. मित्राच्या मते हीच या खेळाची समज.

३.
आता थोडे मागे जाऊ. 'ट्राय' या शब्दातच या भांडणाचे मूळ आहे. एकोणिसाव्या शतकात चेंडू रेषेपलीकडे टेकवण्याला स्वतंत्र किंमत नव्हती. त्यामुळे फक्त गोलाच्या दिशेने किक मारण्याचा 'प्रयत्न' करण्याचा हक्क मिळे, म्हणून तो ट्राय. पुढे त्याला गुण मिळू लागले आणि ते वाढत गेले. १९७१ मध्ये तीनाचे चार झाले, १९९२ मध्ये चाराचे पाच. ही वाढ केवळ हिशेबाची नव्हे. लोक धावणारा खेळ पाहायला येतात आणि संघ मात्र किक मारून जिंकतात, या तक्रारीला नियमकर्त्यांनी वेळोवेळी दिलेले ते उत्तर आहे. रग्बीची नियमावली मी आता याच नजरेने वाचतो.

४.
नियम बदलायला लावणारा एक सामना सांगतो. फेब्रुवारी १९६३, एडिंबरोचे मरेफील्ड मैदान, स्कॉटलंड विरुद्ध वेल्स. वेल्सचा कर्णधार क्लाइव्ह रोलंड्स याने ठरवून टाकले होते की चेंडू हाती आला की तो सीमारेषेबाहेर मारायचा आणि तसेच इंच इंच पुढे सरकायचे. चेंडू बाहेर गेला की दोन्ही संघ रांगा करून उभे राहतात आणि तो पुन्हा आत फेकला जातो. त्याला लाइनआउट म्हणतात. त्या एका सामन्यात १११ लाइनआउट झाले. वेल्सने सामना ६-० असा जिंकला आणि सहाही गुण रोलंड्सचेच होते : एक पेनल्टी, एक ड्रॉप गोल.

प्रेक्षक कंटाळले असतील यात शंका नाही. पण वेल्स तिथे दहा वर्षांनी जिंकत होता आणि त्या काळी ट्राय, पेनल्टी, ड्रॉप गोल या तिघांचे मोल सारखेच होते : तीन गुण. मग रोलंड्सने धोका का पत्करावा? काही वर्षांनी नियम आला की आपल्या २५ यार्डांच्या पट्ट्याबाहेरून चेंडू थेट सीमेबाहेर मारला, तर लाइनआउट जिथून किक मारली तिथेच होईल. पुढे जाण्याचा तो सोपा रस्ता बंद झाला.

५.
त्यानंतर दहा वर्षांनी घडले ते पाहून मी या खेळाच्या प्रेमात पडलो. २७ जानेवारी १९७३, कार्डिफ. न्यूझीलंडविरुद्ध बार्बेरियन्स. बार्बेरियन्स हा १८९० मध्ये स्थापन झालेला निमंत्रितांचा क्लब. त्याला स्वतःचे मैदान नाही, तो कोणत्या साखळी स्पर्धेत नाही. सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. फिल बेनेटने स्वतःच्या गोलखांबांजवळ चेंडू उचलला. कोणीही शहाणा खेळाडू तो बाहेर मारील. बेनेटने अंगावर येणाऱ्यांना एकामागून एक हुलकावणी दिली आणि चेंडू जेपीआर विल्यम्सकडे दिला. तिथून पुलिन, डॉस, टॉमी डेव्हिड, क्विनेल, आणि शेवटी वाऱ्यासारखा आलेला गॅरेथ एडवर्ड्स. त्याने डाव्या कोपऱ्यात झेप घेतली. सात माणसांच्या हातून चेंडू मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला. सामना बार्बेरियन्सनी २३-११ असा जिंकला. ही आकडेवारी मात्र फारच थोड्यांना आठवते.

"बघ," मी मित्राला म्हणालो होतो, "पन्नास वर्षांनी काय उरलं?"

६.
मित्राने विचारले, "त्या सामन्यात पणाला काय लागलं होतं?" प्रश्न खोचक आहे आणि योग्यही. ना चषक, ना गुणतक्ता. सुंदर खेळ कोणाला परवडतो, हा या वादातला खरा अडसर आहे.

१९९१ चे उदाहरण घ्या. इंग्लंड त्या वर्षी बलदंड फॉरवर्ड खेळाडू आणि अचूक किक यांच्या जोरावर जिंकत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले. उपांत्य सामना त्यांनी स्कॉटलंडकडून ९-६ असा काढला, ट्रायविना. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कँपीसीने त्यांच्या रटाळ खेळाची जाहीर टिंगल केली. ट्विकनहॅमच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने अचानक पवित्रा बदलून चेंडू हातांनी फिरवायला सुरुवात केली आणि ६-१२ असे हरले. टोमण्यांमुळे त्यांनी खेळ बदलला की आखणीच तशी होती, यावर इंग्लिश चाहते आजही भांडतात. विजयासाठी सौंदर्य सोडणाऱ्याला कोणी सहज क्षमा करते; सौंदर्यासाठी विजय गमावणाऱ्याला मात्र आपलेच लोक आयुष्यभर हिशेब विचारतात.

७.
या वादाला पैशाची बाजूही आहे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन मूळ संघटनेशी फारकत घेतली. त्यांचे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे होते. सामन्यासाठी काम बुडाले तर त्या रोजाची भरपाई मिळावी, एवढीच मागणी होती. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींना ती हौशी बाण्याला कलंक लावणारी वाटली. फुटून निघालेल्यांचा संसार आता तिकिटाच्या पैशावर चालणार होता, म्हणून त्यांनी खेळच बदलला : लाइनआउट रद्द केला, १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू केले, धावायला जागा केली. आजची रग्बी लीग ती हीच. 'रंजक खेळ' या शब्दामागे असा कामगाराच्या बुडालेल्या रोजाचा इतिहास आहे. मूळ रग्बी युनियनने व्यावसायिकता मान्य केली ती थेट ऑगस्ट १९९५ मध्ये, शंभर वर्षांनी.

८.
इथवर आलो तेव्हा माझी बाजू मला बळकट वाटत होती. मग मी न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्या वैराचा इतिहास उघडला. हे वैर १९२१ पासूनचे. आणि १९२८, १९४९, १९६० या तिन्ही वर्षी माझा लाडका काळा पोशाख दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला, तो आपल्या माओरी खेळाडूंना घरी ठेवून. यजमानांना गोऱ्यांव्यतिरिक्त कोणी समोर नको होते आणि पाहुण्यांनी ते मान्य केले. १९६० मध्ये 'माओरी नाहीत तर दौरा नाही' म्हणत दीड लाखांच्या आसपास न्यूझीलंडवासीयांनी सह्या केल्या. संघ तरीही गेला. १९७० मध्ये माओरी खेळाडू गेले, ते 'मानद गोरे' या अपमानास्पद बिरुदाखाली.

१९७६ च्या दौऱ्यामुळे वीसहून अधिक देशांनी, त्यांत बहुतेक आफ्रिकी, मॉन्ट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला, तेव्हा हॅमिल्टनला निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. ऑकलंडच्या ईडन पार्कवर तर एका छोट्या विमानातून मैदानावर पिठाच्या पुड्या टाकल्या जात होत्या आणि खाली सामना चालूच होता. न्यूझीलंडने तो शेवटच्या पेनल्टीवर २५-२२ असा जिंकला.

तो सामना रटाळ नव्हता. चुरशीचा होता. पण तो 'रंजक' होता असे लिहायला माझा हात धजत नाही.

९.
आता पुन्हा १९७३ च्या त्या ट्रायकडे येतो. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्रित संघ, म्हणजे लायन्स, वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत गेला. ब्रिटिश सरकारचा विरोध होता. एडवर्ड्स, बेनेट, जेपीआर विल्यम्स, तिघेही गेले. २२ सामन्यांत २१ विजय, एक बरोबरी. खेळ देखणा आणि निकालही चोख. माझी बाजू आणि मित्राची बाजू, दोन्ही तिथे एकत्र नांदत होत्या.

वेल्सचा जॉन टेलर मात्र गेला नाही. तो १९६८ मध्ये लायन्सबरोबर दक्षिण आफ्रिकेला जाऊन आला होता. तिथे जे पाहिले, त्यानंतर त्या संघाविरुद्ध पुन्हा खेळायचे त्याने नाकारले. त्याचे हे न खेळणे कुठल्याच गुणफलकावर नाही.

जिंकणे की खेळणे, या भांडणात आम्ही रात्रभर गुंतलो होतो. मैदानात उतरायला कोणाला मुभा होती, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता.

१०.
हा प्रश्न सुचला, तेव्हा मला मुंबई आठवली. रग्बी मी पहिल्यांदा पाहिली ती भर पावसाळ्यात, बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून. १८७५ मध्ये स्थापन झालेला हा जिमखाना आरंभी केवळ युरोपियनांसाठी होता. १९०६ मध्ये याच मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना क्रिकेटमध्ये हरवले. त्या विजयात मोठा वाटा बाळू पालवणकरांच्या गोलंदाजीचा, आणि त्याच बाळूंना जातीमुळे पुढे संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, १९२३ मध्ये. म्हणजे कुंपणे फक्त केपटाउनला होती असे नाही. आणि कुंपणाच्या आत आणखी कुंपणे होती.

११.
आता मित्राच्या संघाकडे नव्याने पाहतो. नेल्सन मंडेलांच्या रॉबेन बेटावरच्या काळात तिथले कैदी स्प्रिंगबॉक संघाविरुद्ध जो खेळेल त्याच्या बाजूने असत. १९९५ च्या अंतिम सामन्याला तेच मंडेला राष्ट्राध्यक्ष म्हणून स्प्रिंगबॉकची हिरवी जर्सी घालून आले. सामना रटाळ होता असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही : १५-१२, दोन्ही बाजूंनी शून्य ट्राय, निकाल जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने. त्या संघात गौरेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. २०१९ मध्ये कर्णधार होता सिया कोलिसी, या संघाचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार. आणि चार विजयी अंतिम सामन्यांत मिळून या संघाने जे दोन ट्राय केले, ते त्याच दिवशी : माकाझोले मापिंपी आणि चेस्लिन कोल्बी. वर्णद्वेषाच्या काळात या दोघांना ही जर्सी मिळाली नसती. प्रशिक्षक रासी इरॅस्मस यांनी सामन्यानंतर सांगितले होते की दडपण म्हणजे हातात काम नसणे, जवळचा माणूस खुनात गमावणे. रग्बीने लोकांना दडपण नव्हे, आशा द्यावी.

१२.
मग मित्र बरोबर होता का? पूर्णपणे नाही. ताकद, बचाव आणि किक हीच शैली वर्णद्वेषी काळातल्या गोऱ्या संघाचीही होती. शैली स्वतः न्यायी नसते, अन्यायीही नसते. धावणाऱ्या संघात पुण्य नाही आणि किक मारणाऱ्यात पाप नाही. १९७३ चा तो ट्राय मी आजही पाहतो आणि अंगावर काटा येतो. त्यात खोटे काही नाही. पण तो संपल्यावर आता जॉन टेलरचे नाव आठवते. पूर्वी आठवत नसे.

इतिहास वाचणाऱ्या मित्रांना एकच सांगणे. जुना सामना वाचताना निकाल पाहा, खेळही पाहा, आणि मग संघाची यादी काढून त्यात कोण नाही तेही शोधा. पुष्कळदा खरी गोष्ट तिथे सापडते.

पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे. मी न्यूझीलंडच्याच बाजूने बसेन, मित्र आफ्रिकेच्या. भांडण होईलच. तुमच्या गावच्या, तुमच्या खेळातल्या अशा एखाद्या यादीत कोणाचे नाव नव्हते, ते ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा.