थेंबभर तेल

१९५८ सालची नरकचतुर्दशी. मला अभ्यंग झाले, मग माझ्या इंजिनाला का नको? काकांनी विलायतेहून आणलेली ती हॉर्नबीची किल्लीची आगगाडी. १९२० पासून निघणाऱ्या ओ गेज गाड्यांपैकी. दोन रुळांत अंतर ३२ मिलिमीटर. वाटीतले कोमट खोबरेल मी तिच्या पोटात सढळ हाताने ओतले. दोन फेऱ्या झोकात झाल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पहाटगारव्यात तेल थिजले आणि स्वारी जागची हलेना!

वडील रागावले नाहीत. त्यांनी दातेरी चक्रे रॉकेलने धुतली, कोरडी पुसली आणि सुईच्या टोकाने शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब आत सोडला.

"चाकांच्या कडेला तेल नको, रुळावर घसरतील. आणि खेळ झाला की किल्ली पुरती संपू द्यायची. स्प्रिंगलाही विसावा हवा ना?"

आता वडील नाहीत, गाडी आहे. दिवाळीत नातू तेलाची बाटली तिरकी करतो आणि माझ्या तोंडून त्यांचाच आवाज निघतो, "थेंबभरच रे!"

गाडी सुटते. वडील बसत त्या पाटावर मी बसून राहतो, किल्ली संपेपर्यंत.