बाकीचा हजेरीपट

मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत, असे आपण मराठी माणसे म्हणतो. परंतु जिची आईच हरपली, त्या पिलाच्या वाट्याला माणसाची माया येते. आणि या मायेला माहितीची जोड नसेल, तर तिचे दात पिलाला खचित लागतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या इंदूरच्या घरी याचा पदोपदी प्रत्यय आला.

आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली, एका मांजरीने तीन पिले घातली होती. दोन दिवस मांजरी फिरकली नाही. शिपायाने मला बोलावले तेव्हा दोन पिले थंडगार पडलेली होती. तिसरे भिजलेल्या बोळ्यासारखे, पण श्वास घेत होते. ते मी रुमालात गुंडाळून घरी आणले. वजाबाकीत उरली म्हणून आमच्या धाकट्या चिरंजीवांनी तिचे नाव ठेवले ‘बाकी’.

आई लगबगीने वाटीत कोमट दूध घेऊन आली. तेवढ्यात आमच्या पशुवैद्यांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आमचे डॉक्टर तेथलेच पदवीधर. ते म्हणाले, “सर, आधी ऊब, मग अन्न.” गारठलेल्या पिलाची पचनक्रिया मंदावलेली असते, त्याच्या तोंडात बळेच काही ओतले तर ते श्वासनलिकेत जाण्याचे भय. शिवाय गाईच्या दुधातील साखर बहुतेक पिलांना पचत नाही. जुलाब होतात आणि अंगातले पाणी आटून एवढासा जीव पाहता पाहता जातो. मग वाटी बाजूला राहिली. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिलाशेजारी ठेवली. अंगात ऊब आल्यावर पिलांसाठी मिळणारे तयार खाद्य पाण्यात कालवून बोटाने चाटवले. मांजर जातीचेच मांसाहारी. दूधपोळीवर त्याचे पोषण होत नाही. आमचे घर शाकाहारी, म्हणून त्या डब्यांना पडवीत स्वतंत्र फळी मिळाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाकीला तपासले. समोरचे दात आले होते, डोळे अजून निळे होते. त्यावरून वय पाच आठवड्यांचे ठरले. वजन ३४० ग्रॅम. या वयाला अर्धा किलोच्या आसपास हवे. हिरड्या पांढुरक्या, कारण पिसवांनी रक्त शोषलेले. पोट नगाऱ्यासारखे, कारण आत जंत; ते आईच्या दुधातूनही पिलात येतात. डोळे चिपडांनी मिटलेले आणि नाक चोंदलेले, ती मांजरांची सर्दी. जंताचे औषध वजनाच्या मापाने मिळाले, ते दर पंधरा दिवसांनी द्यायचे. पिसवांसाठी कुत्र्यांचे औषध लावू नये, त्यातील काही द्रव्ये मांजराला विषासमान असतात, असे त्यांनी बजावले. येथे आईची जुनी फणी कामी आली. ऊन पाण्यात टोक बुडवून ती एकेक पिसू वेचीत बसे. डोळे उकळून गार केलेल्या पाण्याच्या बोळ्याने पुसायचे, मग डॉक्टरांनी दिलेले थेंब. चोंदलेल्या नाकाला वास येत नाही आणि वासावाचून मांजर अन्नाला शिवत नाही, म्हणून खाद्य किंचित ऊन करून द्यायचे.

तिसऱ्या रात्री अंग तापले. एका हितचिंतकाने पॅरासिटामॉलची पाव गोळी सुचवली. ती देण्यापूर्वी विचारले, हे बरे झाले. आपल्याला सहज मानवणारे हे औषध मांजराचे यकृत पचवू शकत नाही. त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते आणि पाव गोळीनेही पिलू दगावते.

मी एक जुना हजेरीपट काढला आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातील काट्यावरचे वजन त्यात लिहू लागलो. ३४०, ३३६, ३३८, ३५०. त्या चौथ्या आकड्याला घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

खरी परीक्षा पुढेच होती. कन्येला पाचवा महिना होता. सातव्यात ती बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पोर घरी यायच्या आत ही ब्याद बाहेर घालवा.” आईने उत्तर दिले, की सहाव्या रात्री बाळाचे ललाट लिहिणारी सटवाई म्हणजेच षष्ठी, आणि षष्ठीचे वाहन मांजर. उत्तर सुरेख होते. पण पुराणावर भिस्त ठेवून मी लेकीच्या बाबतीत स्वस्थ बसणार नव्हतो. आणि केवळ धास्तीने पिलू रस्त्यावर टाकणेही मला जमणारे नव्हते.

वहिनींच्या भीतीत तथ्य होते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि गरोदरपणी प्रथमच त्याची बाधा झाली, तर ती गर्भाला पोहोचू शकते. मात्र बाधा झालेले मांजर बहुधा काही आठवडेच ते बीज टाकते, आणि ताज्या विष्ठेतील बीज बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठेची पेटी रोज साफ करायची, ती गरोदर स्त्रीने नव्हे. मांजराला उंदीर वा कच्चे मांस मिळू द्यायचे नाही. अर्धेकच्चे मांस आणि मातीने माखलेली न धुतलेली भाजी यांतूनही हीच बाधा होते, हे सहसा कोणी सांगत नाही. कन्येने आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनीही हेच नियम सांगितले. पेटीचे काम मी पत्करले. मुख्याध्यापकाला दैनंदिन कामाचा कंटाळा येऊन चालत नाही.

आठव्या आठवड्यात बाकीला पहिली लस टोचली, पुढे दुसरी, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर पिसाळ रोगाची. कन्या आली, तेव्हा बाकी खिडकीत ऊन खात होती. डिसेंबरअखेर नात जन्मली. पाळण्याच्या खोलीचे दार बाकीला बंद असते; दाराबाहेर बसण्याचा हक्क तिने कमावला आहे.

हजेरीपटात बाकीच्या रकान्याचा शेवटचा आकडा २ किलो १०० ग्रॅम आहे. पुढच्या पानावर सौ.च्या अक्षरात नातीचे वजन मांडलेले आहे.