पोट भरतं, मन भरत नाही

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला तीन महिने झाले तेव्हा विरारच्या एक काकू तपासणीला आल्या. वजन छान उतरलं होतं आणि काकू रडत होत्या. "डॉक्टर, लग्नात सगळे पंगतीत जेवतात, मी चार घास खाऊन थांबते. बायका विचारतात, आजारी आहेस का गं?"

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोनही त्यामुळे कमी होतं. पण लोकलमधून थकून उतरल्यावर वडापावच हवासा वाटतो, ती भूक जठरातली नसते. (हे आम्ही आधी पुरेसं सांगत नाही, मान्य.)

मी म्हटलं, काकू, रडा खुशाल, काहीतरी सुटलंय तुमचं. ताटात आधी मासा किंवा अंडं, मग भात. सावकाश चावा, पाणी अर्ध्या तासाने. उदासी दोन आठवडे हटली नाही, किंवा खाण्याची जागा दारूने घेतली, तर लगेच सांगा. या शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर चढते.

पुढच्या वेळी काका सोबत होते. म्हणाले, "हल्ली हिच्या ताटातला अर्धा बोंबील मला मिळतो." काकू हसल्या. मी काकांचंही वजन करून घेतलं.