कारण : विवाह

फेब्रुवारी 2011 मधील गोष्ट आहे. हैदराबादच्या सरकारी वसाहतीत आमच्या घरी जनगणनेच्या प्रगणक आल्या. जवळच्याच शाळेतील शिक्षिका, दिवसभर जिने चढून थकलेल्या. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि घरातील सर्वांची उत्तरे स्वतःच देऊ लागलो. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला या प्रश्नांत अवघड ते काय? पत्नीच्या नावापुढे स्थलांतराचे कारण विचारले गेले. मी म्हणालो, "विवाह." गेल्या वर्षभरात काही काम? "नाही. गृहिणी."

त्या गेल्यावर पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, आपले लग्न 1994 साली साताऱ्यात झाले. हैदराबादला मी 2009 मध्ये आले, ते तुमच्या बदलीमुळे. आणि रोज संध्याकाळी सात मुलांना गणित शिकवून मी फी घेते, ते काय आहे?"

माझी दोन्ही उत्तरे चुकली होती. जनगणना विचारते ते मागील वास्तव्याचे ठिकाण आणि तेथून येण्याचे कारण. त्यामुळे योग्य उत्तर 'कुटुंबासोबत स्थलांतर' हे होते. शिकवण्याही निःसंशय काम या व्याख्येत बसत होत्या. पण 'स्त्री' आणि 'स्थलांतर' हे दोन शब्द जवळ आले की तिसरा शब्द आपल्या तोंडून आपोआप बाहेर पडतो.

हे केवळ आमच्या घरापुरते नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 45 कोटींहून अधिक स्थलांतरित नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. 2020-21 च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार स्त्रियांमध्ये स्थलांतरितांचे प्रमाण 47.9 टक्के, तर पुरुषांमध्ये 10.7 टक्के होते. मात्र स्थलांतरित स्त्रियांपैकी 86.8 टक्के स्त्रियांच्या बाबतीत कारण होते विवाह. हे आकडे खोटे नाहीत. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन सासरी जाते, हे वास्तवच आहे. अडचण अशी की कारण एकच नोंदले जाते, आणि ते नोंदले की तिच्या कामाविषयीचे आपले कुतूहल तेथेच संपते.

अर्थशास्त्रात याचा विचार झालेला आहे. जेकब मिन्सर यांनी 1978 मध्ये कुटुंबाच्या स्थलांतरावर लिहिताना दाखवून दिले की कुटुंबाचा एकूण लाभ वाढत असेल, तर एका सदस्याचे नुकसान होत असूनही सर्वजण स्थलांतर करतात. अशा सदस्याला आपण बांधील स्थलांतरित म्हणू. बहुधा ती पत्नी असते. विद्यार्थिदशेत हा सिद्धान्त मी आकृतीसह लिहून गुण मिळवले होते. पत्नीने साताऱ्यातील कनिष्ठ महाविद्यालयातील नोकरी माझ्या पहिल्या परराज्यातील बदलीच्या वेळी सोडली, तेव्हा मात्र तो आठवला नाही.

त्या संध्याकाळी मला आणखी एक प्रसंग आठवला. 2008 च्या जूनमध्ये मी तेव्हाच्या ओरिसातील बलांगीर जिल्ह्यात एका पाहणीची तपासणी करण्यासाठी गेलो होतो. या भागातील हजारो कुटुंबे पावसाळा संपल्यावर मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेऊन आंध्रातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढचा पावसाळा लागण्याच्या सुमारास परततात. तेथे कामाचा हिशेब माणशी होत नाही. पती, पत्नी आणि बहुधा एखादे मूल मिळून एक 'पथुरिया' होतो. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने, आणि उचल पुरुषाच्या नावावर.

अन्वेषक एका घरी पतीला प्रश्न विचारत होता. पत्नीविषयी तो म्हणाला, "ती माझ्यासोबत येते, स्वयंपाक करते." अन्वेषकाने संकेतांक 92 लिहिला, म्हणजे केवळ घरकाम. दाराआडून बाई काहीतरी बोलली. अन्वेषकाने मला अर्थ सांगितला : चिखल मी वाहते, विटा मी उलटते, मग हजार विटा त्यांच्या एकट्याच्या कशा? मी ते ऐकले. उशीर झाला होता, जीप उभी होती. मी "ठीक आहे" म्हणालो आणि सही केली. शासनाच्या दप्तरी त्या बाईला बेरोजगारही नव्हे, तर श्रमबाह्य ठरवणाऱ्या कागदावर माझी सही आहे.

मराठी वाचकाला यात नवीन काय? बीडकडून ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे 'एक कोयता'. हत्याराच्या नावाने दोन माणसे मोजली जातात आणि त्यांपैकी एकाच्याच नावाने व्यवहार होतो.

नोंदीचा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक देण्याची तरतूद होती. विस्थापन भत्ताही होता. पण ज्या बाईचे नाव हजेरीपटावर नाही, तिला पासबुक कोण देणार? त्या कायद्याची जागा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने घेतली आहे. कायदा बदलला तरी नाव नसण्याची अडचण तीच राहते. 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत एक गोष्ट मला आशादायक वाटते : तेथे नोंद व्यक्तीची होते, जोडीची नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. देवकी जैन यांनी सत्तरच्या दशकातच राजस्थान आणि पश्चिम बंगालमधील खेड्यांत स्त्रियांच्या दिवसभराच्या वेळेची नोंद घेऊन दाखवले होते की रूढ प्रश्नावलीतून त्यांचे बरेचसे काम निसटते. स्त्रीचे उत्तर शक्यतो स्त्रीकडूनच घ्यावे. स्थलांतराच्या कारणानंतर 'येण्यापूर्वी काय काम करत होता आणि आल्यावर काय करता' एवढे दोन प्रश्न विचारावेत. हजेरीपटावर जोडी न लिहिता दोन नावे लिहावीत आणि तपासणी अधिकाऱ्याने ती दोन्ही माणसे समोर बोलावून पाहावीत. या शेवटच्या गोष्टीला तर नव्या कायद्याचीही गरज नाही.

असो. त्या संध्याकाळी मी जिना उतरलो. प्रगणक बाई दुसऱ्या मजल्यावर सापडल्या. मी दिलगिरी व्यक्त करून दोन्ही उत्तरे दुरुस्त करण्याची विनंती केली. त्या किंचित त्रासल्या, पण वर आल्या, आणि या वेळी त्यांनी प्रश्न माझ्या पत्नीला विचारले. मी आत जाऊन चहा टाकला.

बलांगीरचा तो कागद मात्र मला कधीच दुरुस्त करता आला नाही. 2027 च्या जनगणनेसाठी प्रगणक आमच्या दारी येतील, तेव्हा मी गप्प बसणार आहे. वाचकांपैकी पतिराजांनीही तसेच करावे, अशी नम्र सूचना.