रात्रीचे मलम

आरशाशी माझे भांडण चाळिशीनंतर सुरू झाले. वीस वर्षे शाळेच्या मैदानावर मुलींची कवायत घेतली. त्याचा सारा हिशेब उन्हाने कपाळावर मांडून ठेवला होता. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ट्रेटिनॉइनची एक लहानशी नळी लिहून दिली. "रात्री वाटाण्याएवढेच लावा आणि दिवसा उन्हाला जपा," असे बजावले.

मी नुसती मॅट्रिक. पण कादंबऱ्या लिहिणारीला चौकशीची खोड असायचीच. या औषधाला १९७१ साली अमेरिकेत परवानगी मिळाली ती मुरमांसाठी. ते लावणाऱ्या प्रौढ बायका सांगू लागल्या, की कातडीही मऊ पडली आहे. फिलाडेल्फियाच्या डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन यांनी ते मनावर घेतले आणि १९८६ साली उन्हाने जून झालेल्या कातडीवरचा त्याचा गुण प्रसिद्ध केला. (याच गृहस्थांनी तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले होते. हे वाचल्यापासून नळीचे झाकण काढताना हात जरा अडखळतो.)

हे औषध म्हणजे अ जीवनसत्त्वाचाच एक अवतार. ते पेशीच्या थेट केंद्रकात शिरते. तेथे जनुकांच्या साखळीवर ठरावीक जागी प्रथिनांच्या जोड्या बसलेल्या असतात. औषध चिकटले की त्या कामाला लागतात. जनुके बदलत नाहीत हो! हजेरीपटावरची नावे तीच. कोणाला उभे करायचे आणि कोणाला गप्प बसवायचे, एवढेच बदलते. ऊन कातडीतले कोलॅजनचे धागे तोडणाऱ्या जनुकांना चेतवते. औषध त्यांना दटावते आणि नवे धागे विणणाऱ्यांना उठवते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १० ते १२ महिन्यांत नवे कोलॅजन ८० टक्क्यांनी वाढले. औषधाविना नुसते मलम लावणाऱ्यांत ते १४ टक्क्यांनी घटले.

माझे पहिले तीन आठवडे मात्र तोंड सोलण्यातच गेले.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे आईला तेल लावत होते. चेहऱ्यावर, मानेवर सुरकुत्यांचे जाळे. जन्मभर ती भांगलणीला गेली. माझी शाळेची फी त्यातूनच भरली गेली. तेल लावता लावता हात दंडाच्या आतल्या बाजूकडे वळला आणि तिथेच थांबला. ती जागा कशी नितळ, मऊ! वय तेच, जनुकेही तीच. फक्त तिथे ऊन पोचले नव्हते.

"आई, माझ्याकडे एक मलम आहे. सुरकुत्या कमी होतात त्याने. तुला लावू?"

"लाव की. काय पथ्य आहे त्याला?"

"उन्हात जायचं नाही."

आई खळखळून हसली. "मग भुईमूग कोण काढील, गं?" असे म्हणत तिने उटण्याची वाटी पुढे ओढली.

त्या रात्री मी नळी उघडली आणि तशीच बंद केली. दुसऱ्या रात्री मात्र लावले.